घरचा एअरबॉक्स आणि हरवलेले सात घोडे

मित्राने गाडी पहिल्यांदा माझ्याकडे आणली ती तक्रारीसाठी नव्हे, कौतुक करून घ्यायला. १६०० सीसीचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, टर्बो नाही, नीट सांभाळलेली गाडी. दोन रविवार खर्ची घालून त्याने कंपनीचा काळा प्लॅस्टिकचा एअरबॉक्स, म्हणजे इंजिनात जाणारी हवा गाळणारा फिल्टरचा डबा, काढला होता आणि तिथे ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा स्वतः घडवलेला डबा बसवला होता. काम देखणं होतं हे मान्य करायलाच हवं. रिव्हेट एका ओळीत, कडा कानशीने घासलेल्या, आत शंकूच्या आकाराचा मोठा लाल फिल्टर. "आधी आवाज ऐक," म्हणत त्याने ॲक्सिलरेटर दाबला. आवाज जबरदस्त होता. "आठ-दहा हॉर्सपॉवर तरी वाढलीच असेल. पिकअपच बदललाय गाडीचा."

चार दिवसांनी चेक इंजिनचा दिवा लागला, तेव्हा दुसऱ्यांदा आला. आता सूर जरा खाली होता. ट्रॅफिकमध्ये गाडी जड वाटतेय, वरच्या आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या) दम सोडतेय, पण आवाज अजून मस्त आहे, असं त्याचं म्हणणं.

मी त्याला विचारलं, "कंपनीचा डबा इंजिनची किती हवा अडवत होता, ते मोजलं होतंस का?" त्याने मोजलं नव्हतं. घरी एअरबॉक्स करणाऱ्यांपैकी बहुतेक जण मोजत नाहीत, आणि माझ्या मते सगळी गोची इथेच सुरू होते. जो अडथळा काढायचा तो केवढा आहे हेच माहीत नसेल, तर काढून किती मिळणार हे कसं कळणार?

ते मोजायला महागडं काही लागत नाही. पारदर्शक नळी घेतली, तिचा यू आकार करून फळीवर खिळ्यांनी अडकवली, मागे मोजपट्टी चिकटवली आणि नळीत शाईचे दोन थेंब टाकलेलं पाणी भरलं. नळीचं एक टोक उघडं ठेवलं. दुसरं टोक फिल्टर आणि थ्रॉटल बॉडी (इंजिनात शिरणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) यांच्यामधल्या पाइपावर बसवलेल्या बारीक निपलला जोडलं. नळीच्या दोन्ही बाजू चांगल्या हातभर उंच हव्यात, नाहीतर पाणी ओढलं जाऊन थेट इंजिनात जाईल. आधी माळ्यावर टाकलेला कंपनीचा डबा परत बसवला, मोकळा रस्ता गाठला, दुसरा गिअर, थ्रॉटल पूर्ण, ६५०० आरपीएमपर्यंत. मी चालवत होतो, तो शेजारी फळी उभी धरून बसला होता. "बारा!" तो ओरडला. गाडी थांबवून पाहिलं तर त्याने एकाच बाजूची पातळी वाचली होती. एका बाजूला पाणी १२ सेंमी चढतं तेव्हा दुसऱ्या बाजूला तेवढंच उतरतं. वाचायचा असतो दोन्ही पातळ्यांमधला फरक. म्हणजे २४ सेंमी.

आता हिशेब. हवेचा दाब पाण्याच्या भाषेत सुमारे १० मीटर, म्हणजे १० सेंमी पाणी म्हणजे साधारण १ टक्का. इंजिनाला मिळणाऱ्या हवेचा दाब १ टक्क्याने घटला, तर शक्तीही ढोबळमानाने तेवढीच घटते. कंपनीचा अख्खा इनटेक, म्हणजे हवा आत घेणारी नळी किंवा नाक, डबा, फिल्टर आणि पाइप मिळून, खात होता २४ सेंमी. थोडक्यात २.४ टक्के. हे इंजिन क्रँकवर, म्हणजे थेट इंजिनाच्या दांड्यावर, ११५ हॉर्सपॉवरच्या आसपासचं. सगळा अडथळा जादूने शून्यावर आणला तरी फायदा पावणेतीन हॉर्सपॉवरचा. आठ-दहा हॉर्सपॉवर त्या डब्यात कधी अडकलेलीच नव्हती.

हे सांगितल्यावर तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पण वेगात समोरून हवा घुसते ना?"

घुसते. किती घुसते तेही काढता येतं. ताशी १०० किलोमीटर वेगाला समोरून येणारी हवा पूर्ण थांबवली, तर तिचा दाब सुमारे ४६० पास्कल, वातावरणाच्या अर्धा टक्काही नाही. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, त्यामुळे ताशी २०० ला जेमतेम १.८ टक्के. रॅम एअर (समोरची हवा वेगाने आत कोंबण्याची सोय) बाळगणाऱ्या मोटरसायकली, १९९० मध्ये आलेली कावासाकी झेडझेड-आर ११०० हे त्यातलं गाजलेलं नाव, ताशी अडीचशेच्या पुढे पळतात, म्हणून तिथे ते दोन-तीन टक्के कामाचे ठरतात. फॉर्म्युला वनमध्येही सत्तरीच्या दशकात ड्रायव्हरच्या डोक्यावर चिमणीसारखे उंच एअरबॉक्स आले होते, १९७६ च्या स्पॅनिश ग्रांप्रीपासून त्यांच्या उंचीला कात्री लागली. पण त्या उंच डब्यांनाही फक्त दाब नको होता, गाडीच्या अंगाभोवती न घुसळलेली, थंड हवा हवी होती. आपल्या गाडीच्या बाबतीत त्यातलं थंड हवेचं तेवढं खरं.

मग त्याचा डबा बसवून तीच चाचणी केली. आकडा आला ४१ सेंमी. देखणा डबा कंपनीच्या डब्यापेक्षा पाऊणपट जास्त हवा अडवत होता.

त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. "फिल्टर तर एवढा मोठा आहे!" फिल्टर निर्दोष होता. फळीवरची नळी एकेका जागी लावत गेलो तेव्हा कळलं, फिल्टर खात होता अवघे ३ सेंमी. डब्यातून थ्रॉटलकडे जाणारा भाग ५. उरलेले ३३ सेंमी एका वस्तूचे: हेडलाइटमागून डब्यापर्यंत हवा आणणारा, ५० मिलिमीटर व्यासाचा, आतून वळ्या-वळ्यांचा लवचिक पाइप. अडचणीच्या जागेतून सहज वळतो म्हणून त्याने तो घेतला होता.

हे इंजिन ६५०० आरपीएमला सेकंदाला सुमारे ७८ लिटर हवा ओढतं. ५० मिलिमीटरच्या पाइपातून तेवढी हवा जायची तर तिला ताशी १४० किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने पळावं लागतं. या वेगाचा दाब साडेनऊ सेंमी पाण्याएवढा. पाइपाचं तोंड धारदार कापलेलं असेल तर आत शिरतानाच त्यातला मोठा हिस्सा जातो. वळ्यांवर घासून आणखी जातो. शेवटी पाइप डब्यात एकदम उघडतो तेव्हा उरलेला वेगही घुसळणीत वाया जातो. हाच पाइप ७० मिलिमीटरचा असता तर वेग निम्म्यावर आला असता आणि तोटा जवळजवळ चौथाईवर. बाहेरून बघताना ५० आणि ७० यांत फार फरक वाटत नाही, आणि डोळा नेमका इथेच फसतो.

४१ वजा २४, म्हणजे १७ सेंमी. तोटा १.७ टक्के. पण गाडी त्याहून जास्त मार खात होती हे मला चालवतानाच जाणवलं होतं, म्हणून दोन्ही डबे घेऊन डायनोवर, म्हणजे चाकांवरची शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर, गेलो.

डायनोबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो, कारण घरगुती एअरबॉक्सचे बहुतेक चमत्कार तिथेच जन्म घेतात. कागदावर येणारा आकडा हवामानानुसार सुधारलेला असतो. एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या जे १३४९ या मानकात तो २५ अंश तापमान आणि ९९ किलोपास्कल कोरड्या हवेच्या दाबावर आणला जातो. तापमान मोजणारा प्रोब कुणी रेडिएटरच्या गरम झोतात टांगला, तर यंत्राला वाटतं हवा फार गरम आहे, आणि ते बिचारं इमानदारीने हॉर्सपॉवर वाढवून देतं. शिवाय बॉनेट उघडं आणि समोर मोठा पंखा, अशा थाटात डब्याविना बसवलेला उघडा फिल्टर कायम जिंकतो, कारण रस्त्यावर त्याला मिळणारी इंजिनखोलीतली गरम हवा तिथे नसतेच. आम्ही बॉनेट बंद ठेवलं, प्रोब भिंतीजवळ सावलीत लावला, तेल आणि कूलंट त्याच तापमानाला आणून प्रत्येक डब्याचे तीन-तीन रन घेतले.

कंपनीचा डबा: चाकांवर ९४ च्या आसपास (क्रँकपासून चाकांपर्यंत काही शक्ती वाटेत जातेच). घरचा डबा: ८७.

सात घोडे कमी. त्यातला दाबाचा वाटा दीड-पावणेदोनचा. बाकीचे कुठे गेले?

थोडे उष्णतेत गेले. हेडलाइटमागचं पाइपाचं तोंड रेडिएटरच्या कडेशी होतं आणि बॉनेट बंद असताना तिथे रेडिएटरमधून निघालेली हवा फिरत होती. गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणाऱ्या स्कॅनरवर इनटेकचं तापमान कंपनीच्या डब्यापेक्षा ८ अंशांनी जास्त दिसत होतं. हवा जितकी गरम तितकी विरळ. मात्र शक्ती त्याच प्रमाणात घटत नाही. डायनोच्या सुधारणेच्या सूत्रात तापमानाचं वर्गमूळ असतं, कारण इंजिनाच्या पोर्टमधून (सिलिंडरात शिरायच्या वाटेतून) जाताना हवा तशीही तापते. ८ अंशांचा तोटा सव्वा टक्का धरा.

पत्र्याचा डबा तापतो म्हणून हवा गरम होते, हा समज मात्र अर्धाच खरा. ट्रॅफिकमध्ये आयडलिंगला इंजिन सेकंदाला दोन-अडीच लिटर हवा ओढतं. पाच लिटरच्या डब्यात ती दोन सेकंद रेंगाळते आणि तापलेल्या पत्र्याने शेकून निघते, म्हणूनच त्याला सिग्नलवरून निघताना गाडी जड वाटत होती. पूर्ण थ्रॉटलला तीच हवा डब्यात सेकंदाचा पंधरावा हिस्साही थांबत नाही. तेवढ्यात पत्रा काय तापवणार? चकचकीत उष्णतारोधक पट्ट्या गुंडाळून हॉर्सपॉवर वाढत नाही ती यामुळे. हवा कुठून घेतली, यावर सगळं.

खरा चोर वेगळाच निघाला.

कंपनीच्या डब्याच्या झाकणातून बाहेर येणाऱ्या नळीत मास एअरफ्लो सेन्सर, म्हणजे हवा मोजणारा सेन्सर, बसतो. नळीचा आतला व्यास ७० मिलिमीटर आणि तोंडावर मधमाशीच्या पोळ्यासारखी प्लॅस्टिकची जाळी. मित्राने सेन्सर काढला आणि "मोठा तेवढा बरा" म्हणून ७६ मिलिमीटरच्या ॲल्युमिनियम पाइपात भोक पाडून बसवला. जाळी फेकून दिली, हवा अडते म्हणून. आणि जागा निवडली वळणाच्या लगेच पुढे.

हा सेन्सर सगळी हवा मोजत नाही. त्याच्या तापलेल्या तारेवरून जाणारी थोडी हवा तो बघतो आणि पाइपाचा व्यास अमुकच आहे असं गृहीत धरून ईसीयू (इंजिनाचा संगणक) एकूण हवा ठरवतो. पाइप ७० चा ७६ झाला की क्षेत्रफळ १८ टक्क्यांनी वाढतं, तेवढ्याच हवेला वेग कमी लागतो, आणि ईसीयूला हवा १५ टक्के कमी दिसते. म्हणून तो पेट्रोलही कमी सोडतो. नेहमीच्या चालवण्यात एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर ही चूक पकडतो आणि ईसीयू फ्युएल ट्रिम, म्हणजे पेट्रोलची टक्केवारीतली दुरुस्ती, वाढवत जातो. आमच्या स्कॅनरवर लाँग टर्म ट्रिम अधिक १८ दिसत होती, हिशेबाशी तंतोतंत जुळणारी. वळणामुळे हवा एका बाजूने धावत असल्याने ट्रिम मधूनच वीसच्या वर उडी मारत होती. तिथेच पी ०१७१ हा बिघाडाचा कोड आला आणि दिवा लागला. मिक्स्चर लीन आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी आहे, एवढंच तो कोड म्हणतो. तो वाचून त्याने इंजेक्टर साफ करून घेतले होते, ते काम फुकट गेलं.

पूर्ण थ्रॉटलला ऑक्सिजन सेन्सरचं ऐकलं जात नाही. आधी शिकलेल्या दुरुस्तीतली थोडीच इथे लागू होत होती. एक्झॉस्टमधल्या वाइडबँड सेन्सरवर लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण, आकडा कमी तितकं पेट्रोल जास्त) ०.९७ दिसत होता. कंपनीच्या डब्याला तोच ०.८८. अशा इंजिनात सर्वांत जास्त शक्ती ०.८६ ते ०.९ च्या टप्प्यात मिळते. त्यात आणखी एक गुंता. हवा कमी दिसली की ईसीयूला वाटतं इंजिनावर भार कमी आहे, आणि कमी भाराला तो इग्निशन टायमिंग पुढे नेतो, म्हणजे ठिणगी लवकर पाडतो. लीन मिक्स्चर आणि पुढे नेलेलं टायमिंग म्हणजे नॉकिंगला, सिलिंडरात मिश्रण अवेळी भडकण्याला, आमंत्रण. नॉक सेन्सर जागा होता, त्याने टायमिंग मागे खेचलं आणि पिस्टन वाचले. डायनोवरचा आलेख ५००० च्या पुढे करवतीच्या दात्यांसारखा दिसत होता तो यामुळे. सातातले चार घोडे इथे गेले होते.

थोडक्यात, डब्याने हवा अडवली त्यापेक्षा मोठं नुकसान हवा चुकीची मोजल्याने झालं. मॅप सेन्सरवर चालणाऱ्या गाडीत हे दुखणं आलंच नसतं. तिथे ईसीयू मॅनिफोल्डमधला (थ्रॉटलनंतर सिलिंडरांकडे जाणाऱ्या नळ्यांमधला) दाब बघतो, पाइपाच्या व्यासाशी त्याला देणंघेणं नसतं. म्हणून एकाच्या गाडीत जमलेला डबा दुसऱ्याच्या गाडीत गळा घोटतो.

नवा डबा करायचाच, यावर मित्र ठाम होता. मीही नाही म्हटलं नाही, मलाही उत्सुकता होती. सेन्सरची मूळ नळी जाळीसकट परत घ्यायची आणि तिच्याआधी सरळ भाग ठेवायचा, एवढी एकच अट मी घातली.

दुसऱ्या आवृत्तीत एबीएस प्लॅस्टिकची शीट वापरली. पीव्हीसी पाइप स्वस्त आणि सोपा असला तरी ८० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतो, एक्झॉस्टच्या बाजूला त्याचा भरवसा नाही. जोड चिकटवताना साधं सिलिकॉन सीलंट टाळलं. त्याची वाफ ऑक्सिजन सेन्सरला मारते. आकार पाच लिटरचाच ठेवला, हवा घ्यायला ७६ मिलिमीटरचं आखूड नाक, तोंड रेडिएटरच्या पुढे, भोवती फोमची पट्टी. नाकाचं तोंड धारदार न ठेवता तुतारीसारखं पसरट केलं. हे फार लहान काम वाटतं, पण आत घुसलेल्या धारदार तोंडाचा पाइप वेगाच्या दाबाचा जवळजवळ सगळा हिस्सा खातो आणि नीट गोलावलेलं तोंड शंभरात पाच भागही खात नाही. पैसे न घालता मिळणारा फायदा शोधत असाल तर तो तिथे आहे.

फळीवर आकडा आला १३ सेंमी. लॅम्डा जागेवर, ट्रिम शून्याजवळ. मित्र खूश. पण ४००० आरपीएमला गाडीत असा घुमारा उठायचा की कानात दडे बसावेत, आणि ३००० च्या खाली गाडी कंपनीच्या डब्यापेक्षा किंचित ढिली.

डबा आणि त्याचं नाक मिळून बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यासारखं वाजतात. आतली हवा स्प्रिंग, नाकातली हवा वजन. डब्याचं आकारमान, नाकाचं क्षेत्रफळ आणि लांबी यावरून सूर ठरतो. पाच लिटर, ७६ मिलिमीटर आणि नाकाच्या टोकाबाहेर हलणारी थोडी हवाही धरून १५ सेंमी लांबी घातली की उत्तर येतं १३४ हर्ट्झ. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दर फेरीला दोन वेळा हवा ओढली जाते, म्हणजे आरपीएम भागिले ३० इतक्या वेळा सेकंदाला. १३४ गुणिले ३०, सुमारे ४०००. घुमारा बरोबर तिथेच होता. कागदावरचं गणित कानाने ऐकायला मिळण्याचे असे क्षण फार येत नाहीत, मी तर दोन-तीनदा मुद्दाम ४००० वर गाडी धरून ऐकलं.

सूर खाली न्यायचा तर डबा मोठा हवा आणि नाक लांब. तिसऱ्या आवृत्तीत डबा आठ लिटरचा झाला, बॅटरी जरा सरकवावी लागली. नाक ७० मिलिमीटर व्यासाचं, ४५ सेंमी लांबीचं, आतून गुळगुळीत. आता सूर ५६ हर्ट्झ, म्हणजे १७०० आरपीएमच्या आसपास, जिथे पूर्ण थ्रॉटल कुणी देत नाही. शंकूचा फिल्टर आठ लिटरमध्ये बसेना, म्हणून कंपनीचा सपाट फिल्टर घेतला. नाकाचं तोंड खाली बंपरपर्यंत न्यायचा मोह झाला होता. साचलेल्या पाण्यातून एकदा गाडी घातली तर इंजिन पाणी पिईल आणि कनेक्टिंग रॉड वाकेल, म्हणून ते वरच ठेवलं. डब्याच्या तळाला निचऱ्याचं बारीक भोक पाडलं.

फळीवर १५ सेंमी. डायनोवर तीन रन: ९५, ९४.४, ९५.१. कंपनीच्या डब्यापेक्षा एखाद घोडा जास्त. दोन लागोपाठच्या रनमध्येही एवढा फरक पडू शकतो, त्यामुळे मी तो धरत नाही. हिशेबाने ९ सेंमी वाचले म्हणजे ०.९ टक्के मिळायला हवेत, तेवढेच दिसले असं फार तर म्हणता येईल.

३३०० च्या आसपास टॉर्कच्या रेषेत मात्र अजून खळगा होता. कंपनीच्या नाकाला बाजूने एक बंद डबी जोडलेली असते, बाहेर जायला वाटच नसलेली. मित्राला ती सुरुवातीपासून निरुपयोगी वाटत होती. ती रेझोनेटर असते. एका ठरावीक कंपनाला उलटा धक्का देऊन ते शांत करते. माळ्यावरून ती काढली, नव्या नाकाला भोक पाडून जोडली, खळगा भरला.

संध्याकाळी दोन्ही डबे जमिनीवर शेजारी शेजारी ठेवून तो उकिडवा बसला होता. तोच फिल्टर, तीच सेन्सरची नळी, तीच बंद डबी, नाकही जवळजवळ तेवढंच लांब. मग उठून बादली आणि मोजपात्र घेऊन आला. कंपनीच्या डब्याची भोकं टेपने बंद केली आणि त्यात पाणी भरायला लागला. सात लिटर सहाशे मिलिलिटरला डबा काठोकाठ भरला.

"अरे, म्हणजे दोन महिने खपून आपण हाच डबा परत बनवला की!"

"चारशे मिलिलिटर जास्त आहेत आपल्यात," मी म्हटलं.